जोर संपला की कोणी थांबवलं?

या महिन्याच्या पत्रांत गोव्यातल्या चोडण बेटावरच्या एका नववीतल्या मुलीचं पत्र आहे. बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी त्यालाच उत्तर लिहायला बसले.

प्रश्न: नमस्कार बाई. सहामाहीत ‘चालती बस अचानक थांबली की प्रवासी पुढे का जातात’ असा प्रश्न होता. मी ‘जडत्वाच्या बलामुळे’ असं लिहिलं. एक गुण कापला आणि ‘जडत्व हे बल नाही’ असा शेरा मिळाला. बाबा म्हणतात, त्यांच्या वेळी ‘जडत्वाचं बल’ असंच शिकवायचे. खरं काय? दुसरी शंका अशी की पुस्तकात म्हटलंय, गती टिकवायला बल लागत नाही. पण मी रोज सायकलने फेरीधक्क्यावर जाते. पेडल मारणं थांबवलं की सायकल थांबते. मग बल लागतंच ना?

उत्तर: गुण गेला तो बरोबर गेला. पण बाबांना हे सांगताना जरा जपून सांग, कारण ‘जडत्वाचं बल’ हा शब्द खुद्द न्यूटनचा आहे. १६८७ साली छापलेल्या त्याच्या लॅटिन ग्रंथात गतीच्या तीन नियमांच्या आधी काही व्याख्या येतात. तिसऱ्या व्याख्येत तो म्हणतो की प्रत्येक पदार्थाच्या अंगी आपली अवस्था आहे तशी राखण्याची क्षमता असते, मग तो स्थिर असो की सरळ रेषेत एकसारखा जात असो. आणि या क्षमतेला जडत्वाचं बल असं नाव द्यायला हरकत नाही. म्हणजे बाबांचे शिक्षक जे सांगत होते त्याला मोठा आधार होता. मात्र लगेच पुढच्या, चौथ्या व्याख्येत न्यूटनने बाहेरून लागणारं बल वेगळं काढलं आहे. हे बल क्रिया चालू असेपर्यंतच असतं, क्रिया संपली की ते पदार्थात उरत नाही, असं त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय. आज आपण ‘बल’ म्हणतो ते फक्त हे दुसरं. पहिल्याचं नुसतं ‘जडत्व’ राहिलं, त्याच्या शेपटीचा ‘बल’ शब्द गळून पडला. गळला ते चांगलंच झालं.

‘इनर्शिया’ हा शब्द या शास्त्रात न्यूटनच्या आधी केप्लरने आणला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आळस, निष्क्रियपणा. केप्लरला वाटे, पदार्थ मुळात आळशी आहे. त्याला ढकलणारं कोणी नसेल तर तो आहे तिथे थांबणार. तुझी सायकलची शंका अगदी केप्लरचीच आहे. ज्याने ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे शोधून काढलं, त्यालाही हे असंच वाटत होतं. तेव्हा शंका विचारायला संकोच करू नकोस.

आता मुळाशी जाऊ. ही गोष्ट डोक्यात बसायला जड जाते त्याचं एक कारण आपल्या बोलण्यातच आहे, असं मला तीस वर्षं शिकवून वाटू लागलं. आपण म्हणतो, ‘गाडी जोरात होती’, ‘चेंडू जोरात आला’, ‘भोवऱ्याचा जोर संपला’. ‘जोर’ म्हणजे ताकदही आणि वेगही, आणि तो जणू वस्तूच्या आत भरलेला असतो. चेंडू लाथाडला की पायातला जोर चेंडूत गेला, मग तो हळूहळू सांडत गेला, शेवटी संपला म्हणून चेंडू थांबला. हे इतकं सहज वाटतं की पुस्तकातला नियम तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा मनात असाच विचार करतात. ‘जड’ शब्दाचंही तसंच. जड म्हणजे वजनदार, आणि जड-चेतनातलं जड म्हणजे आपणहून काही न करणारं. जडत्वात दुसरा अर्थ आहे, पण ऐकू येतो तो पहिला.

म्हणून वर्गात मी एक सवय लावत असे. ‘जोर संपला’ असं कोणी म्हटलं की बाकीच्यांनी विचारायचं, ‘कोणी थांबवलं?’ आणि कोणी बलाचं नाव घेतलं की विचारायचं, ‘देणारा कोण, घेणारा कोण?’ बल नेहमी दोघांमधलं असतं. हात दाराला ढकलतो, पृथ्वी नारळाला ओढते, रस्ता टायरला अडवतो. देणाऱ्याचं नाव सांगता आलं पाहिजे. जडत्वाला देणारा नसतो. ते वस्तूचं स्वतःचं असतं, तिच्या वस्तुमानाइतकं, आणि ते कोणी कोणावर लावत नाही.

या कसोटीवर तुझी बस घेऊ. फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या खासगी बसमध्ये मी कितीतरी वर्षं दांडा धरून उभी राहिले आहे. बाणस्तारीच्या पुलाआधी कोणी आडवं आलं आणि ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला, तर तुझ्या अंगावर आडवं बल कुठे कुठे लागतं ते नीट आठव. तळहाताला दांडा लागतो, आणि तो तुला मागे ओढतो. तळपायांना बसची जमीन घासते, तीही तुला मागे ओढते. पुढे ढकलणारं काही अंगाला लागलं का? मागच्या बाईंची पिशवी सोडली तर काही नाही. सगळी बलं मागच्या दिशेने, आणि तरी तू ‘पुढे’ गेलीस. कारण बस ज्या वेगाने चालली होती त्याच वेगाने तू चालली होतीस. बसला ब्रेकने, म्हणजे शेवटी रस्त्याने, थांबवलं. तुझ्या पावलांना बसच्या जमिनीने थांबवलं. कमरेच्या वरच्या तुला थांबवायला अजून कोणी आलं नव्हतं, म्हणून ती तू होती तशीच चालत राहिली. रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला विचार, तो म्हणेल, ‘मुलगी कुठे पुढे गेली? ती होती तशीच जात होती, बस मागे राहिली.’

पुढच्या इयत्तांत ‘आभासी बल’ असा शब्द भेटेल. बसलाच स्थिर धरून हिशेब करायचा असेल तर गणित जुळावं म्हणून ते घेतात. घ्यायला काहीच हरकत नाही. पण त्यालाही देणारा विचारून बघ. सापडत नाही.

आता माझ्या आवडीच्या जागी येते. माझे वडील, आम्ही त्यांना पपा म्हणायचो, मांडवी नदीतल्या मालवाहू बार्जवर होते. आधी खलाशी, मग तांडेल, शेवटी मास्टर. डिचोलीकडच्या खाणींचं लोहखनिज सारमानस, आमोणा अशा धक्क्यांवर भरायचं आणि नदीतून खाली मुरगाव बंदरात पोचवायचं. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी दर्या खवळला की कुंभारजुव्याच्या कालव्यातून वळून जुवारी नदीत उतरायचं. त्या कालव्यात मगरी असतात, त्यामुळे लहानपणी मला सगळ्यात जास्त कुतूहल त्या वाटेचं होतं. पण जडत्व मी शिकले ते धक्क्यावर.

मी दहा वर्षांची असेन. मे महिना होता. बार्ज भरून झाली होती, भरती पुरी होऊन ओहोटी लागायला अजून अवकाश होता, आणि नदीचं पाणी तळ्यासारखं उभं होतं. दोर सोडले होते. एंजिन अजून लावलं नव्हतं. पपांनी एक जाड बांबू घेतला, त्याचं टोक धक्क्याच्या दगडाला टेकवलं आणि दुसऱ्या टोकावर छाती देऊन रेटत उभे राहिले. काही झालं नाही. मी म्हटलं, ‘पपा, हालना’, म्हणजे हलत नाही. ते म्हणाले, ‘फट पळय’, फट बघ. मी कठड्यावरून वाकून फटीकडे बघत राहिले. बार्जच्या कुशीला बांधलेला जुना टायर दगडाला टेकलेला होता. टायरवर शेवाळ होतं. बघता बघता त्या शेवाळात आणि दगडात सुतभर उजेड आला. मग बोट मावेल एवढा. मग वीतभर पाणी दिसलं, त्यात पालापाचोळा गोल फिरत होता. पपा तसेच रेटत उभे, चेहरा लाल, आणि एवढी मोठी लोखंडी बार्ज एका माणसाने धक्क्यापासून सोडवली होती.

हिशेब करून बघू. बार्ज आणि माल मिळून १,००० टन धर, म्हणजे १० लाख किलो. माणसाने २०० न्यूटन बल लावलं असं समज; २० किलोची पिशवी हातात धरायला जेवढं लागतं तेवढं. पाण्याचा अडथळा तूर्त बाजूला ठेव. बल = वस्तुमान × त्वरण. म्हणजे त्वरण २०० भागिले १०,००,०००, म्हणजे ०.०००२ मीटर प्रति सेकंद². किती थोडं! पण शून्य नाही. सहाव्या सेकंदाला सुतभर, बाराव्या सेकंदाला बोटभर, पाऊण मिनिटाला वीतभर, आणि एक मिनिट चाळीस सेकंदांनी मीटरभर फट पडते. वेळ दुप्पट झाली की अंतर चौपट होतं, हेही यात दिसेल. बार्ज रिकामी असती, समजा ३०० टन, तर त्याच माणसाने त्याच वेळात तीन मीटरच्या वर नेली असती.

बल आणि जडत्व यांचं नातं याहून स्वच्छ मला कुठे दिसलं नाही. बऱ्याच गाईडांत लिहिलेलं असतं की ‘जडत्व बलाला विरोध करतं’. हे वाक्य मला पटत नाही. विरोध केला असता तर २०० न्यूटनांचा १,००० टनांपुढे पाडाव झाला असता, बार्ज ढिम्म हलली नसती. जडत्व बलाला अडवत नाही. ते फक्त ठरवतं की एवढ्या बलाच्या बदल्यात गतीत किती फरक पडणार. वस्तुमान थोडं तर फरक मोठा, वस्तुमान जास्त तर फरक लहान, पण बल एकटं असेल तर फरक पडतोच, मग ते मुंगीचं का असेना. अडवतं ते घर्षण. आणि घर्षण हे खरोखरचं बल आहे, त्याला देणारा आहे.

म्हणूनच जत्रेतल्या रथाचं उदाहरण मी जडत्वासाठी घेत नाही, जरी ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलं तरी. रथ हलेपर्यंत माणसं दोराला लोंबकळतात, हलला की मग सोपा जातो. मुलं लिहितात, ‘विराम अवस्थेतलं जडत्व’. त्यात जडत्व आहेच, पण चाक जमिनीत थोडं रुतलेलं असतं, आसात लाकडावर लाकूड धरून बसलेलं असतं, आणि स्थिर असतानाचं घर्षण चालू असतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. दोन गोष्टी एकत्र कालवल्या की दोन्ही नीट कळत नाहीत.

जडत्व एकटं बघायचं असेल तर घरी असं कर. सारख्या दोन प्लास्टिकच्या बरण्या घे. एकीत काठोकाठ तांदूळ भर, दुसरी रिकामी ठेव. दोन्हींना सुंभ बांधून पडवीच्या वाशाला टांग, सुंभ हातभर तरी लांब असू दे. आता त्यांचं वजन वासा पेलतोय, आणि जमिनीशी घर्षण नाही. एका बोटाने रिकाम्या बरणीला आडवं हलकेच ढकल. ती उडते. त्याच बोटाने तांदळाच्या बरणीला ढकल. बोटाच्या पेराला लगेच फरक लागतो, आणि बरणी सावकाश निघते. मग दोन्ही सारख्या झुलव आणि एकेक बोटाने थांबव. जिला चालवायला जड गेलं, तिलाच थांबवायलाही जड जातं. तेच बोट, तेच तांदूळ. ‘विराम अवस्थेतलं जडत्व’ आणि ‘गतीतलं जडत्व’ अशी दोन नावं परीक्षेसाठी पाठ कर, पण बरणीत तांदूळ एकच आहेत हे विसरू नकोस.

थांबवण्याची बाजू पपांनी मला दुसऱ्या दिवशी दाखवली. नदीतून खाली जाताना धक्का बराच लांब दिसत होता आणि त्यांनी एंजिनचा वेग पाडला. मला वाटलं काहीतरी बिघडलं. ते म्हणाले, ‘बाये, बोटीक ब्रेक नासता’, बोटीला ब्रेक नसतो. पुन्हा तीच १,००० टनांची बार्ज घे, वेग सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी साधारण १४ किलोमीटर. सायकल याहून जोरात जाते. बघ, माझ्याही तोंडात ‘जोरात’च आलं. ही बार्ज ४०० मीटरांत थांबवायची तर सरासरी २०,००० न्यूटन बल लागतं, म्हणजे दोन टन वजनाइतकं, आणि त्याला तीन मिनिटं वीस सेकंद लागतात. तेवढं पाणी आणि उलटं फिरवलेलं एंजिन मिळून देऊ शकतात. तीच बार्ज पुलाच्या खांबावर आदळून ४ मीटरांत थांबली तर बल शंभर पट, २० लाख न्यूटन. दोनशे टन. बार्जचं जडत्व दोन्ही वेळा तेवढंच होतं, कणभरही वाढलं नाही. बदललं ते बल, कारण थांबायला जागा कमी मिळाली.

आता तुझी सायकल. पेडल सोडल्यावर ती थांबते खरी. कोणी थांबवलं? टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात रस्ता थोडं थोडं मागे ओढतो. समोरची हवा छातीला लागते. चाकाच्या आसात गोळ्या घासतात. पेडल मारून तू या सगळ्यांची फेड करत असतेस. एकसारख्या वेगाने चालली असताना तुझं पुढचं बल आणि यांचं मागचं बल बरोब्बर सारखं असतं, बेरीज शून्य. बेरीज शून्य म्हणून वेग आहे तसा. पेडल थांबलं की बेरीज मागच्या बाजूला झुकते. फरक कमी करून पाहायचा असेल तर कॅरमबोर्ड काढ. पावसाळ्यात दमट झालेल्या बोर्डावर स्ट्रायकर टिचकीसरशी वीत-दोन वीत जाऊन थांबतो. बोरिक पावडर टाकून तेवढीच टिचकी मार, तो समोरच्या कडेला आपटून परत येतो. टिचकी तीच, स्ट्रायकर तोच. मग जोर जास्त पुरला कसा? पुरला नाही, थांबवणारं कमी झालं. गॅलिलिओने उतरत्या पाटावरून गोळे घरंगळवून हाच विचार शेवटपर्यंत नेला. थांबवणारं अजिबात उरलं नाही तर गोळा थांबेलच का? त्याच्या आधी लोक विचारत होते, ‘गोळा चालत का राहतो?’ त्याने प्रश्नच फिरवला.

उत्तरपत्रिकेत पुढच्या वेळी असं लिही: ‘बस थांबली, पायांवर मागच्या दिशेने बल लागून ते थांबले, पण वरच्या शरीरावर पुरेसं बल न लागल्यामुळे ते जडत्वामुळे पूर्वीच्याच वेगाने जात राहिलं.’ गुण कापायला जागा राहणार नाही.

प्रश्न: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पाच नारळ कापडी पिशवीत घेतले. घरापर्यंत काही झालं नाही. रिक्षातून उतरताना घाईने पिशवी उचलली आणि बंद तुटला. वजन तेच असताना आत्ताच का तुटला? (एक गृहिणी, म्हापसा)

उत्तर: ताई, पाच सोललेल्या नारळांचं वजन तीन किलो धरू. पिशवी नुसती धरून ठेवायला बंदाला सुमारे ३० न्यूटन द्यावे लागतात. घाईत तुम्ही एका सेकंदाच्या विसाव्या भागात तिला सेकंदाला एक मीटर वेग दिलात असं समजा. तेवढा वेग तेवढ्या थोड्या वेळात द्यायला आणखी ६० न्यूटन लागतात. एकूण ९०, म्हणजे तिप्पट. वजन वाढलं नव्हतं, पण पृथ्वीला तोंड देणं आणि नारळांची गती बदलणं ही दोन्ही कामं त्या क्षणी बंदाच्या गळ्यात पडली. बाजारातल्या नारळवाल्या बायका भरलेली पाटी डोक्यावर चढवताना बघा, त्या झटका देत नाहीत, एका लयीत वर नेतात.

प्रश्न: कणादांनी न्यूटनच्या आधीच गतीचे तिन्ही नियम सांगितले होते, असा संदेश फोनवर फिरतो आहे. आपलं मत काय? (एक निवृत्त वाचक, फोंडा)

उत्तर: काका, कणादांच्या वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात बाणाचा विचार आहे आणि तो मला फार आवडतो. बाणाची पहिली हालचाल धनुष्याच्या ‘नोदना’ने, म्हणजे रेट्याने होते. त्या हालचालीतून बाणात एक ‘संस्कार’ उपजतो, त्याने पुढची हालचाल, तिच्यापासून त्याच्या पुढची. संस्कार सरला की गुरुत्वामुळे बाण पडतो. दोरीपासून सुटल्यावर बाणाला कोण नेतं, हा अस्सल प्रश्न आहे. ॲरिस्टॉटलने त्याचं उत्तर ‘बाणाभोवतीची हवा’ असं दिलं होतं. त्यापेक्षा संस्काराची कल्पना कितीतरी सरस आहे. चौदाव्या शतकात पॅरिसला बुरिदान या तत्त्वज्ञाने जवळपास हेच मांडलं.

पण हा न्यूटनचा नियम नव्हे. संस्कार ही सरणारी गोष्ट आहे, वर त्या मुलीला सांगितलेल्या ‘जोरा’सारखी. न्यूटनच्या हिशेबात सरण्यासारखं काही नसतंच. बाण आपल्या गतीने जात राहतो, हवा त्याला अडवते, आणि पृथ्वी त्याला सुटल्या क्षणापासून खाली ओढत असते, संस्कार संपायची वाट बघत नाही. खांद्याच्या उंचीवरून, दीड मीटरवरून, अगदी आडवा बाण सोडा आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातातून सुपारी खाली सोडा. हवेचा परिणाम सोडला तर दोन्ही जमिनीला एकाच वेळी लागतात, अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळात. बाण फक्त लांब जाऊन लागतो. कणादांचा विचार त्यांचा आहे, आणि तो त्यांच्याच नावावर, आहे तसा वाचावा. त्यावर दुसऱ्याच्या नियमाची चिठ्ठी डकवली की त्यांनी खरोखर काय म्हटलं ते वाचायला कोणी जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न: फेरीबोट चालू असताना मी उडी मारली तर बोट पुढे जाईल आणि मी नदीत पडेन का? (इयत्ता चौथी, रायबंदर)

उत्तर: नाही रे राजा. उडी मारण्याआधी तूही बोटीबरोबर चाललेला असतोस. हवेत असताना तुझं ते चालणं काढून घेणारं तिथे कोणी नसतं, थोडी हवा सोडली तर. म्हणून तू जिथून उडालास तिथेच उतरतोस. गॅलिलिओने १६३२ साली छापलेल्या ग्रंथात हेच सांगितलं, जहाजाच्या बंद खोलीत फुलपाखरं सोडून आणि टांगलेल्या बाटलीतून थेंब थेंब पाणी पाडून. जहाज उभं असो की एकसारखं चालत असो, आतून फरक कळत नाही. लोक तेव्हा विचारत, पृथ्वी फिरत असेल तर उडी मारल्यावर आपण मागे का राहत नाही? गोवा पृथ्वीबरोबर दर सेकंदाला जवळजवळ ४५० मीटर पूर्वेला जातोय, आणि तू पण.

आईला बरोबर घे, बोटीच्या मध्यभागी उभा राहा, कठड्याजवळ किंवा रॅम्पजवळ नाही, आणि दोनदा उडी मारून बघ. एकदा नदीच्या मध्यावर, बोट एकसारखी चाललेली असताना. दुसरी उडी चोडणच्या धक्क्याजवळ, बोट वेग पाडत असताना, पण अगदी लहान मार, आईचा हात धरून. पायाखाली खडूने रेघ ओढून ठेव. दुसऱ्या वेळी रेघ तुझ्या टाचांच्या मागे गेलेली दिसेल. किती बोटं मागे गेली ते मोजून मला कळव.